पीसी सारखा क्रॅश होतोय? विंडोज पुन्हा टाकण्याआधी स्पीड तपासा

गेम रंगात आलेला असताना अचानक डेस्कटॉप दिसतो. कधी निळी स्क्रीन येते, कधी ब्राउझरचा टॅब आपोआप बंद पडतो. दुकानात नेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "विंडोज नवीन टाकू." चार दिवसांनी पुन्हा तेच. मग रॅम बदला, मग ग्राफिक्स कार्ड बदला. पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं. खरं तर सगळ्यात आधी एक फुकटची गोष्ट तपासायला हवी: तुमचा पीसी ठरलेल्या स्पीडपेक्षा जास्त वेगाने तर पळत नाहीये ना?

मी तर काहीच केलं नाही!

प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. फोनमध्ये हा वेग कंपनीने बांधून टाकलेला असतो आणि फोन तापला की तो स्वतःच स्लो होतो. डेस्कटॉपमध्ये मात्र बरंच काही मोकळं असतं. ओव्हरक्लॉक तुम्हीच केलेलं असतं असंही नाही. पीसी जोडताना दुकानदाराने रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल चालू केलेलं असतं, तेही ओव्हरक्लॉकिंगच. ग्राफिक्स कार्डच्या बॉक्सवर 'ओसी' लिहिलेलं असेल, तर ते कारखान्यातूनच वाढीव वेगाने आलेलं आहे. सेकंडहँड पीसीमध्ये आधीच्या मालकाने काय केलंय, हे तर विचारूच नका.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे १० लाख पीसींच्या क्रॅशचा अभ्यास मांडला होता. ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवर हार्डवेअरमुळे होणारे क्रॅश कितीतरी जास्त निघाले. आणि एकदा असा क्रॅश झाला की तो पुन्हा होण्याची शक्यता खूप वाढते, हेही दिसलं.

इंटेलच्या प्रकरणात काय झालं?

२०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर, विशेषतः आय७ आणि आय९ वर, गेम धडाधड बंद पडायला लागले. एरर यायचा 'व्हिडिओ मेमरी संपली', त्यामुळे लोक ग्राफिक्स कार्डला दोष देत बसले. शेवटी एनव्हीडियालाच सांगावं लागलं की असा एरर आला तर इंटेलकडे चौकशी करा.

आधी बोट मदरबोर्ड कंपन्यांकडे दाखवलं गेलं. आय९-१४९००केची कमाल पॉवर मर्यादा २५३ वॉट असताना अनेक बोर्ड ती मर्यादाच काढून टाकत होते. पण जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की त्यांच्या स्वतःच्या मायक्रोकोडमुळेही प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे दुरुस्त मायक्रोकोड आले. ते पुढची झीज रोखतात, पण जो प्रोसेसर आधीच झिजलाय तो बरा होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो.

यावलच्या उन्हात फरक काय?

जुलै २०२५ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या एका इंजिनिअरने सांगितलं की याच इंटेल चिपच्या पीसींवरून येणारे क्रॅश रिपोर्ट उन्हाबरोबर वाढतायत.

आता हेच यावल, भुसावळ, जळगावला लावून बघा. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. यूट्यूबवर जो पीसी तुम्ही बघता, तो बहुतेक एसीच्या खोलीत, २५ अंशांच्या आसपास चालवलेला असतो. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो. खोली ४० अंशांवर असेल तर प्रोसेसरची सुरुवातच १५ अंश वरून होते. म्हणून जी सेटिंग डिसेंबरमध्ये मस्त चालते, ती मेमध्ये दगा देते.

निदान कसं करायचं?

१. विंडोजच्या सर्चमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून क्रॅशचा इतिहास बघा. एकच ॲप दरवेळी त्याच एररने बंद पडत असेल तर बहुधा सॉफ्टवेअरचा घोळ. वेगवेगळी ॲप वेगवेगळ्या एररने पडत असतील तर संशय हार्डवेअरवर.

२. निळी स्क्रीन न येता पीसी थेट बंद होत असेल, तर आधी घरातलं व्होल्टेज, पॉवर सप्लाय आणि केसमधली धूळ बघा.

३. पीसी चालू होताना डिलीट की दाबून बायोसमध्ये जा. डिफॉल्ट सेटिंग लोड करा आणि एक्सएमपी बंद करा. इंटेलचा प्रोसेसर असेल आणि 'इंटेल डिफॉल्ट' हा पर्याय दिसत असेल तर तोच निवडा, कारण बोर्डाचं स्वतःचं डिफॉल्टही वाढीव असू शकतं.

४. आठवडाभर नेहमीसारखं वापरा. क्रॅश थांबले तर गुन्हेगार सापडला. मग एकेक सेटिंग परत चालू करून बघा, सगळ्या एकदम नको.

५. थांबले नाहीत तर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा, रॅमची एकेक स्टिक लावून. एकही एरर आला तर ती स्टिक खराब समजा.

६. बायोस अपडेट करायचं असेल तर पीसी यूपीएसवर ठेवूनच करा. मधेच लाइट गेली तर मदरबोर्ड कायमचा बसू शकतो.

बिल जपून ठेवा

इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली आहे. बॉक्समध्ये घेतलेल्या प्रोसेसरला ३ ऐवजी ५ वर्षं मिळतात. म्हणजे जानेवारी २०२४ चं बिल असेल तर जानेवारी २०२९ पर्यंत मुदत आहे. तयार पीसी घेतला असेल तर विकणाऱ्याकडे विचारा. मात्र ही सवलत ठरावीक डेस्कटॉप मॉडेल्ससाठीच आहे, त्यामुळे इंटेलच्या यादीत आपला नंबर तपासा. डिफॉल्ट सेटिंगवरही क्रॅश होत असतील तर दुकानात "विंडोज टाका" म्हणू नका. बायोस अपडेट करून काय काय तपासलं ते दाखवा आणि वॉरंटीत प्रोसेसर बदलून मागा. आणि जुना पीसी विकत घेणार असाल तर डिफॉल्ट सेटिंगवर अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.