पाच वर्षं, तीही फुकट?

उबुंटू २४.०४ एलटीएसला पाच वर्षं अपडेट्स आणि कुबुंटू-झुबुंटूला तीनच, म्हणजे फसवणूक आहे म्हणे! अहो, कोणी कोणाला फसवलं? उबुंटूमागे कॅनॉनिकलचे पगारी लोक आहेत. या दोघांचे डेस्कटॉप सांभाळणारे बहुतेक स्वयंसेवक. नवीन फीचर लिहायला लोक हौसेनं रात्र रात्र जागतात. पण आजच्या कोडमधली दुरुस्ती पाच वर्षं जुन्या आवृत्तीत बसवायची, तिथे ते फंक्शनच वेगळं, मग दुसरं काही मोडलं नाही ना हे तपासत बसायचं. हे धुणीभांडी छाप काम सुट्टीच्या दिवशी कोण करणार? तुम्ही?

डेबियनची एलटीएस २०१४ साली सुरू झाली, तीसुद्धा मुख्यतः कंपन्यांच्या पैशावर चालते. तरी काही पॅकेजेस सरळ वगळलेली असतात. (कुठली, ते सांगायला 'डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट' नावाचं पॅकेजच आहे. चालवून बघा एकदा, झोप उडेल.)

बरं, कंपनी पाठीशी असली म्हणजे शब्द पाळला जातो असंही नाही. सेंटओएस ८ला २०२९पर्यंत सपोर्ट मिळणार होता, रेड हॅटने २०२१अखेर गुंडाळला. त्यापेक्षा तीन सांगून तीन पाळणारे परवडले. तीन वर्षांनी एक रविवार अपग्रेडला जातो, जाऊ दे. बॅकअप तेवढा आधी घ्या.