छावणी नसलेले निर्वासित

निर्वासित म्हटले की छावणी आणि छावणीच्या दारात तपासणीस बसलेला डॉक्टर, असे जे चित्र १९४३ साली वळिवड्यास उतरलेल्या पोलिश कुटुंबांपासून आणि फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी बराकींत आलेल्या सिंधी बांधवांपासून आपल्या मनात ठसले आहे, ते आता मोडीत काढावयास हवे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, स्वतंत्र कायदाही नाही. सबब नवागताच्या तपासणीची जबाबदारी बहुधा कोणाच्याच दफ्तरी नसते, आणि ती अखेर अनसिंगसारख्या गावच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्याच्या हाती येऊन पडते.

विदर्भातील तिबेटी मंडळींचेच पाहा. १९५९ नंतर मिसामारी आणि बक्सा येथील छावण्यांत उष्मा आणि साथी यांनी त्यांची पुष्कळ माणसे दगावली. पुढे १९७२ मध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात गोठणगावाजवळ नोर्ग्येलिंग ही त्यांची वसाहत वसली. क्षयाने मात्र या समाजाची पाठ सोडलेली नाही. हिवाळा लागला की स्वेटरांची गाठोडी घेऊन तिबेटी कुटुंबे शहरोशहरी पांगतात. औषध सहा महिन्यांचे आणि बाजार तीन-चार महिन्यांचा, या विषम हिशेबात उपचार अर्धवट राहतो व औषधाला न जुमानणारा क्षय बळावतो. क्षयरुग्णांच्या ‘निक्षय’ या सरकारी नोंदप्रणालीत नोंद झाली, पोषणाची रक्कम २०२४ च्या नोव्हेंबरापासून दरमहा १,००० रुपये झाली, हे खरेच, पण पत्त्याच्या रकान्यात हंगामी खोलीचा पत्ता लिहून मोकळे झालेल्या दवाखान्याचा आरोग्यसेवक फेब्रुवारीत त्या खोलीच्या कुलपापुढे उभा राहतो. ‘येथून केव्हा निघणार, आणि कोठे?’ एवढे विचारून पुढच्या मुक्कामाच्या केंद्राकडे रोगी आधीच वर्ग करणे, ही तपासणीचीच अर्धी बाजू होय.

दुसरी अडचण भाषेची. आईची दुभाषगिरी दहा वर्षांच्या मुलाकडे सोपवून तिला पाळीविषयी विचारणारे सद्गृहस्थ आपल्या व्यवसायात आहेत, हे लिहिताना संकोच वाटतो. ओळखपत्राची चौकशी आधी आणि खोकल्याची नंतर, हा क्रमही तितकाच घातक. धास्तावलेला माणूस थुंकीचा नमुना न देताच निघून जातो.

क्षयाच्या धांदलीत यकृतदाह ‘ब’ विसरला जातो. तिबेटी समाजात त्याचे प्रमाण अधिक आढळते. म्हणून गर्भवतीचे रक्त तपासावे, आणि प्रसूती आपल्याकडे झाल्यास बाळाला पहिल्या २४ तासांत लस टोचावी, मग आईचे बिऱ्हाड चार दिवसांनी उठणार असले तरी.