देवबंद मध्ययुगीन नाही, आणि अडचण तिथेच आहे

धागा : दारुल उलूम देवबंद

देवबंदचे नाव निघाले की समाजमाध्यमांवर दोन वाक्ये ठरलेली असतात. एका गटासाठी ती मध्ययुगातून थेट चालत आलेली संस्था, दुसऱ्यासाठी स्वातंत्र्यलढ्याचा बालेकिल्ला. दोन्ही वाक्ये सोयीची आहेत, कारण ती उच्चारण्यासाठी १८६६ ते १९४७ या काळातील एकही कागद उघडावा लागत नाही.

आधी 'मध्ययुगा'चा समाचार. मोगल काळातील मदरसा म्हणजे बहुधा एखाद्या विद्वानाचे घर किंवा मशिदीचा कोपरा. विद्यार्थी संस्थेच्या नावाने येत नसे, गुरूच्या नावाने येई. ग्रंथ पुरा झाला की त्या ग्रंथापुरती 'इजाजत', म्हणजे पुढे शिकवण्याची अनुमती, मिळे. खर्च चाले तो इनामांवर आणि आश्रयदात्यांच्या मर्जीवर. लखनौच्या 'फिरंगी महल' घराण्याला राहती वास्तूच मुळी औरंगजेबाच्या सनदेने मिळाली. त्याच घराण्यातील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने 'दर्स-ए-निजामी' हा पाठ्यक्रम प्रसिद्ध झाला. त्यात तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान यांना मोठे स्थान होते.

१८५७ नंतर दरबार गेला, आश्रयदाते गेले. मे १८६६ च्या अखेरीस सहारनपूर जिल्ह्यातील देवबंद या गावी, छत्ता मशिदीच्या आवारात, डाळिंबाच्या झाडाखाली वर्ग भरला. शिक्षकाचे नाव मुल्ला महमूद, पहिल्या विद्यार्थ्याचे नावही महमूद. हे चित्र इतके मोहक आहे की झाडापलीकडे सहसा कोणी पाहत नाही. पाहावे ते संस्थापकांच्या यादीकडे. त्या विद्यार्थ्याचे वडील झुल्फिकार अली आणि दुसरे संस्थापक फजलुर रहमान उस्मानी हे दोघेही इंग्रज सरकारच्या शिक्षण खात्यात शाळा तपासणारे अधिकारी होते. मौलाना कासिम नानौतवी यांचे गुरू ममलूक अली दिल्ली कॉलेजात अरबी शिकवत. स्वतः नानौतवी छापखान्यांत मुद्रिते तपासून चरितार्थ चालवत.

अशा माणसांनी काढलेली शाळा जुन्या मदरशासारखी होणे शक्यच नव्हते. ठरलेला अभ्यासक्रम, वार्षिक परीक्षा, पगारी शिक्षक, स्वतंत्र ग्रंथालय, कारभार पाहणारा मोहतमिम, त्याच्यावर 'शूरा' हे सल्लागार मंडळ, आणि दरवर्षी छापला जाणारा अहवाल, ज्यात देणगीदारांची नावे. अध्यापनाची भाषा उर्दू. नानौतवींनी घालून दिलेल्या आठ तत्त्वांत स्पष्ट बजावले होते की कायमचे उत्पन्न, जहागीर किंवा एखाद्या धनिकाचे वचन मिळाले तर संस्थेची ईश्वरावरील भिस्त सुटेल, आणि सरकारचा व श्रीमंतांचा सहभाग घातक ठरेल. मग पैसा कुठून? सामान्यांच्या लहान वर्गण्यांतून, पुढे मनीऑर्डरींतून. रेल्वे, टपाल आणि शिळाछाप यांच्याशिवाय हे गणित जमलेच नसते. १८९० च्या दशकात फतव्यांसाठी स्वतंत्र विभाग निघाला तोही टपालाच्याच जोरावर : दूरच्या गावातून प्रश्न लिहून पाठवा, उत्तर डाकेने येईल. इतिहासकार बार्बरा मेटकाफ यांनी १९८२ मध्येच हे सारे सविस्तर मांडले आहे. तरीही 'मध्ययुगीन' हा शिक्का पुसला जात नाही.

तो पुसला गेला पाहिजे, आणि त्यात देवबंदचे कौतुक मुळीच नाही. अवशेष निवड करत नाहीत, संस्था करतात. देवबंदने नव्या युगाची यंत्रणा उचलली आणि नवी शास्त्रे बाहेर ठेवली. ती सरकारी शाळांत मिळतातच, असा नानौतवींचा युक्तिवाद होता. जुन्यातलेही सगळे ठेवले नाही. मौलाना रशीद अहमद गंगोही यांना तत्त्वज्ञानाचे वावडे होते. हदीसचे स्थान वाढले, 'माकूलात' म्हणजे बुद्धिप्रधान विद्यांचे घटले. म्हणजे ज्याला आज 'परंपरा' म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकात चाळून घेतलेली परंपरा आहे. देवबंदचेच पदवीधर मौलाना अशरफ अली थानवी यांनी स्त्रियांसाठी 'बहिश्ती जेवर' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. मुलींना मात्र या विद्यापीठात प्रवेश नाही. हा दोष मध्ययुगाच्या खात्यावर टाकला की जिवंत माणसे जबाबदारीतून सुटतात.

आता दुसरे वाक्य. शामलीच्या १८५७ मधील लढाईत संस्थापक तलवार घेऊन उतरले, ही कथा आज सर्वत्र सांगितली जाते. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेले गंगोहींचे चरित्र त्यांना बंडापासून अलिप्त व निर्दोष ठरवते. वीरकथा ठळक झाली ती नंतर, राष्ट्रीय चळवळीच्या काळात. इंग्रज सत्तेखाली निष्ठा दाखवणे सोयीचे होते, पुढे बंड दाखवणे सोयीचे झाले. दोन्ही वृत्तांत तितक्याच सावधपणे वाचावे लागतात.

पहिला विद्यार्थी महमूद पुढे शैखुल हिंद महमूद हसन झाला. 'रेशमी रुमाल' कटापायी त्यांनी माल्टात कैद भोगली. सुटून आल्यावर, मृत्यूच्या महिनाभर आधी, २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढला जामिया मिलियाची पायाभरणी केली. त्यांचा त्याग वादातीत आहे. पण त्यांचे शिष्य उबैदुल्ला सिंधी यांना, काबूलच्या हंगामी सरकारात जाण्यापूर्वी, देवबंद सोडणे भाग पडले होते. त्याच सुमारास संस्थेचे मोहतमिम, नानौतवींचे पुत्र हाफिज मुहम्मद अहमद, सरकारकडून 'शम्सुल उलेमा' ही पदवी मिळवून होते. लढले ते देवबंदी. संस्था सांभाळूनच राहिली.

फाळणीचेही तसेच. मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये इक्बालांशी वाद घेऊन संयुक्त राष्ट्रीयत्वाची बाजू मांडली आणि द्विराष्ट्रवाद नाकारला. हे शाळेत शिकवले जायला हवे. पण देवबंदचेच शब्बीर अहमद उस्मानी पाकिस्तानच्या बाजूला गेले आणि १९४८ मध्ये जिनांच्या जनाज्याची नमाज त्यांनीच पढवली. तालिबानी नेत्यांमुळे गाजलेला अकोरा खट्टकचा मदरसा काढणारे अब्दुल हक हे पूर्वी देवबंदला शिकवत. आणि फेब्रुवारी २००८ मध्ये दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे भल्या मोठ्या परिषदेत जाहीर करणारेही देवबंदच. 'देवबंदचे मत' असे एकवचनी बोलणाऱ्याला विचारावे : कोणाचे, कोणत्या साली?

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा येथे मदरशाबरोबर अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये उभारणारे मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी जानेवारी २०११ मध्ये देवबंदचे मोहतमिम निवडले गेले. नानौतवींनी बाहेर ठेवलेली शास्त्रे आवारात आणून दाखवलेला हा माणूस. लगेच गुजरातविषयीच्या त्यांच्या एका मुलाखतीवरून वादळ उठले. मागे गटबाजीही होती. चौकशी समिती बसली आणि जुलैत शूराने त्यांना पदावरून दूर केले. ते अक्कलकुव्याला परतले. डाळिंबाच्या झाडाखालून आलेली कोणतीही अटळ परंपरा त्या बैठकीला हजर नव्हती. हजर होते ते शूराचे सदस्य, आणि निर्णय त्यांनी घेतला.