नाकाचे माप आणि समाजाचा नियम

समाजशास्त्र हे विज्ञान नव्हे असे म्हणणाऱ्यांत निसर्गविज्ञानाचे अभ्यासक तर आहेतच, पण खुद्द समाजशास्त्राचे काही प्राध्यापकही आहेत. पहिल्यांचा आक्षेप असा की समाज प्रयोगशाळेत नेता येत नाही आणि माणूस पुढे कसा वागेल हे सांगता येत नाही. दुसऱ्यांचे म्हणणे असे की माणसाच्या कृतीमागचा अर्थ समजून घ्यायचा असतो. तिथे नियम शोधायला जाणे म्हणजे माणसाला दगडाच्या पंक्तीत बसवणे. दोघेही एक गोष्ट धरून चालतात : विज्ञान म्हणजे मापन, प्रयोग आणि अचूक भाकीत. मला हे गृहीतच अमान्य आहे. एखाद्या विधानात आकडे आहेत म्हणून ते वैज्ञानिक ठरत नाही. ते खोटे असेल तर कोणत्या पुराव्याने खोटे ठरेल, हे त्यातून स्पष्ट व्हावे लागते. कार्ल पॉपरने लावलेली ही कसोटी मी समाजशास्त्रालाही जशीच्या तशी लावतो, कसलीही सवलत न मागता.

नुसत्या मापनाने विज्ञान होत नाही, याचा धडधडीत पुरावा आपल्याच देशात आहे. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी हजारो माणसांची नाके मोजून घेतली आणि असा सिद्धान्त मांडला की जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे जात ही मुळात वंशाची बाब आहे. उपकरणे, कोष्टके, सरासऱ्या, सगळा थाट निसर्गविज्ञानाचा होता. त्यावर उत्तर आले ते समाजाच्या अभ्यासकांकडून. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीचे मूळ रक्तात नव्हे तर जातीअंतर्गत विवाहाच्या सक्तीत शोधले. गट बंद ठेवायचा तर त्यातल्या विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राखावी लागते. म्हणून पती गेलेल्या स्त्रीसाठी सती आणि सक्तीचे वैधव्य, पत्नी गेलेल्या पुरुषासाठी अल्पवयीन मुलीशी विवाह. वरवर असंबद्ध दिसणाऱ्या रूढी त्यांनी एकाच कारणाशी जोडल्या. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे गो. स. घुर्ये यांनी १९३२च्या आपल्या ग्रंथात मोजमापांचे आकडे पुन्हा मांडून पाहिले. उत्तरेतला गंगेकाठचा पट्टा सोडला तर रिस्लींचा नियम टिकत नव्हता. महाराष्ट्रात तर नाहीच. घुर्ये आणि आंबेडकर यांचे अनेक बाबतींत पटणारे नव्हते, तरी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना आंबेडकरांनी घुर्यांचेच आकडे आधाराला घेतले. मतभेद कायम ठेवून एकाच पुराव्यापुढे दोघांनी मान तुकवणे, याला विज्ञान म्हणायचे नाही तर कशाला? अलीकडचे जनुकीय संशोधनही सांगते की या उपखंडातले समूह दीर्घकाळ एकमेकांत मिसळत होते आणि मग सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हे मिसळणे आटत गेले. मिश्रणाचे प्रमाण सर्व जातींत सारखे नाही, हेही तेच संशोधन सांगते, आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण दारे आधी उघडी होती आणि नंतर बंद झाली, ही घटना वंशाच्या सिद्धान्तात बसत नाही. विवाहबंदीच्या सिद्धान्तात बसते.

प्रयोग होत नाहीत, हा आक्षेप तर आता जुना झाला. खगोलशास्त्रज्ञालाही तारा टेबलावर घेता येत नाही. शिवाय समाजात प्रयोग होतात. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले; फरक फक्त नावांत ठेवला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, उच्चवर्णीय हिंदू नावाशी तुलना करता बोलावणे येण्याची संधी दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश होती. ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ हे विधान इथे तपासले गेले आणि पडले. यात कोणत्याही एका अधिकाऱ्याच्या मनात काय होते हे कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. व्यक्ती स्वतंत्र असली तरी समूहाच्या वागण्यात प्रमाण दिसते, हे एमिल दुर्खीमने १८९७ सालीच आत्महत्यांच्या नोंदींवरून दाखवले होते. त्याचा कॅथॉलिक-प्रॉटेस्टंट फरकाचा निष्कर्ष मात्र नंतर नेदरलँड्सच्या जुन्या नोंदी तपासणाऱ्यांनी डळमळीत केला : कॅथॉलिकांचे काही मृत्यू ‘आकस्मिक’ किंवा ‘कारण अज्ञात’ या सदरांत जात होते. शास्त्राच्या संस्थापकाची चूक त्याच्याच शास्त्राच्या पद्धतीने उघडी पडते, हे मला त्या शास्त्राच्या बाजूचे सर्वांत मोठे प्रमाण वाटते. अर्थ उमजून घेण्याचा आग्रह धरणाऱ्यांनाही माझे एवढेच विचारणे आहे की एका रूढीचे दोन अर्थ समोर आले, तर त्यांतला योग्य कोणता हे पुराव्याखेरीज ठरवणार कसे?

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. समाज स्वतःविषयीचा अभ्यास वाचतो आणि बदलतो. इलेक्ट्रॉन तसे करत नाही. १९०१च्या जनगणनेत जातींची उतरंड लावली जात आहे हे कळताच ठिकठिकाणी जातिसभा सरसावल्या आणि वरचे स्थान मागणारे अर्ज पडू लागले. मोजणाऱ्याने मोजता मोजता मोजायची वस्तूच हलवली. या आक्षेपाचा अर्धा भाग मी मान्य करतो : समाजशास्त्राचे नियम भौतिकीच्या नियमांसारखे सर्वकाळ लागू नसतात, त्यांवर काळाची आणि प्रदेशाची मुद्रा असते. उरलेला अर्धा मान्य नाही, कारण हे हलणेसुद्धा अभ्यासता येते. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी याच अर्जांकडे संस्कृतीकरणाचा, म्हणजे वरच्या जातींच्या रूढी उचलून वर सरकण्याच्या प्रक्रियेचा, पुरावा म्हणून पाहिले. आता येणाऱ्या जनगणनेत पुन्हा जातीची नोंद होणार आहे; १९३१ नंतर सर्व जातींचे मोजलेले आकडे देशापुढे आलेलेच नाहीत. आरक्षणाच्या काळात लोक जात कोणती आणि कशी सांगतील, पोटजाती कोणत्या नावाखाली एकत्र येतील, हे राजकीय जाणकारांच्या अंदाजावर सोडण्याजोगे नाही. त्यासाठी प्रश्नावली, जाती गटांत बसवण्याचे नियम आणि व्यक्तींची ओळख वगळून मूळ नोंदी अभ्यासकांच्या हाती दिल्या पाहिजेत. तसे झाले नाही तर त्या आकड्यांवरून सरकारने काढलेला निष्कर्ष खोडून काढता येणार नाही, आणि विरोधकांनी काढलेलाही.