समुद्र पाहायला गाडी लागत नाही!

मुंबईत शिकायला आलेल्या कुठल्याही हॉस्टेलाइटला विचारा, "समुद्र कितीदा पाहिलास रे?" उत्तर ठरलेलं! "फर्स्ट इयरला गेलो होतो ना, सगळा ग्रुप, मरीन ड्राइव्हला." म्हणजे चार वर्षांत एकदा! त्यानंतर सबमिशन, केटी, प्लेसमेंट... आणि रविवार गेला की मॉलच्या एसीमध्ये. खिशात पैसे नाहीत म्हणायचं आणि मॉलमध्ये दीडशे रुपयांची कॉफी प्यायची, हे गणित मला एम-थ्रीपेक्षाही अवघड वाटतं.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे 'नेचर वॉक' म्हणजे रांग लावून शाळेच्या कंपाउंडला एक फेरी आणि मागाहून त्यावर दहा ओळी. चालणं ही शिस्तीची नव्हे, मजेची गोष्ट आहे, हे मला मुंबईच्या लोकल आणि बेस्टने शिकवलं. लोकलचं कमीत कमी तिकीट ५ रुपये, बेस्टचं मे २०२५ च्या दरवाढीनंतर १० रुपये. एवढ्यात काय काय मिळतं, ते सांगते.

पहिली वाट सोपी. चर्चगेटला उतरा, समुद्राकडे चाला आणि उजवीकडे वळा. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला आर्ट डेको इमारती. याच इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. कठड्याखाली ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे दिसतात ना, ते टेट्रापॉड. सिव्हिलवाल्यांनी जरा थांबून बघावं! १९५० मध्ये फ्रान्समध्ये निघालेली ही कल्पना. ठोकळे एकमेकांत अडकतात, मधल्या फटींतून पाणी फिरतं आणि लाटेचा जोर तिथेच जिरतो. हा धडा पुस्तकात वाचण्यापेक्षा भरतीच्या वेळी बघितलेला बरा. (बघायचा कठड्याच्या अलीकडून, टेट्रापॉडवर उतरून नव्हे!) गिरगाव चौपाटी संपली की मलबार हिल चढायची, पलीकडे उतरलं की बाणगंगा. समुद्र हाकेवर आणि तलावाचं पाणी गोड! परत यायला वाळकेश्वरहून बस आहेच.

दुसरी वाट हार्बर लाइनवरची. शिवडीला उतरून पूर्वेला जेट्टीकडे चालत जा. इथे वाळू नाही, चिखल आहे, आणि या चिखलासाठीच हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. मात्र जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, पूर्ण ओहोटीला पक्षी लांब जातात. मधली वेळ धरायची.

तिसरी माझी सगळ्यात आवडती. मेट्रोने वर्सोवा, तिथून जेट्टी, आणि फेरीबोटीने खाडी ओलांडून मढ. बोट काही मिनिटांची, पण पलीकडे उतरल्यावर वाटतं, आपण वेगळ्याच गावात आलो. सुकत घातलेली मासळी, होड्या, जाळी विणत बसलेले काका. एरंगळपर्यंत चालत जायचं आणि मालाड स्टेशनची बेस्ट पकडायची. पाण्यात मात्र उतरायचं नाही. या बाजूचे किनारे फसवे आहेत.

आता मूळ मुद्दा. समुद्र सगळ्यांचा, असं आपण म्हणतो. खरंच आहे का? कोस्टल रोडचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये गाड्यांसाठी सुरू झाला. त्याच्या कडेचा पायी चालायचा रस्ता खुला झाला ऑगस्ट २०२५ मध्ये. म्हणजे गाडीवाला आधी पोहोचला आणि चालणारा सुमारे दीड वर्षाने! अटल सेतू बघा, सी लिंक बघा, पायी चालणाऱ्याला आणि दुचाकीला तिथे प्रवेशच नाही. उद्या आपल्यापैकीच कोणीतरी असे पूल आणि रस्ते डिझाइन करणार आहे. ज्याने बसच्या रांगेत उभं राहून समुद्र गाठलेला नाही, त्याच्या ड्रॉइंगमध्ये फुटपाथ शेवटी येणार, नाही का?

आणि दुसरा मुद्दा आपल्या घरचाच. आमच्या मुलींच्या हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद होतं, मुलांचं अकराला. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा चालून जातं. मे महिन्याच्या अखेरीस मात्र तो मावळतो सव्वासातला. मढहून बस, मग लोकल, मग चालणं... करा हिशोब! सूर्यास्त बघायचा की गेट गाठायचं? मुलं दोन्ही करतात, आम्ही एकच.

वॉर्डन मॅडमची काळजी मला कळते. काही झालं तर पालकांचा फोन त्यांनाच येणार. पण रस्ता सुरक्षित कशाने होतो? कुलपाने की माणसांनी? रात्री दहाला मरीन ड्राइव्हवर आजोबा असतात, लहान मुलं असतात, चणेवाले असतात, म्हणूनच तिथे भीती वाटत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. मुंबईत बाईला काही कामाशिवाय नुसतं रेंगाळायचा हक्क हवा, हे त्यांचं म्हणणं. बायका कमी दिसल्या की रस्ता ओसाड होतो, आणि रस्ता ओसाड म्हणून बायकांना बाहेर सोडत नाहीत. हा लूप कुठेतरी ब्रेक करायला नको का? प्रोग्रॅम हँग झाला तर आपण कॉम्प्युटरला कुलूप लावत नाही!

मागणी फार मोठी नाही. महिन्यातून एका रविवारी मुलींचं गेटही दहापर्यंत उघडं ठेवावं. जाणाऱ्यांची नावं आणि नंबर रजिस्टरमध्ये लिहावेत, किमान चारजणींचा ग्रुप असावा. मेसच्या नोटीस बोर्डवर मेनूशेजारी भरती-ओहोटीच्या वेळा लावाव्यात. आणि वार्षिक सहलीला भाड्याची लक्झरी बस करण्याऐवजी एकदा तरी सर आणि मॅडमनी आमच्याबरोबर लोकलने यावं. वर्गात न झालेली ओळख वर्सोव्याच्या बोटीत होईल, बघा!

तोवर दोस्तांनो, पुढच्या रविवारी सकाळी उठा, पंधरा-वीस रुपये सुटे घ्या आणि निघा. सकाळी तर गेट उघडंच असतं!