आधी खेळ, मग व्याख्या



संगीताच्या परीक्षा जवळ आल्या की राधानगरी भागातली मुलेही व्याख्या घोकू लागतात. ‘सम म्हणजे काय?’ याचे उत्तर धडाधड येते. तबल्यावर ठेका सुरू झाला की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी मात्र पडत नाही. दोष मुलांचा नाही. ताल कानात बसण्याआधीच आपण तो वहीत उतरवून देतो.

सोळा मुले गोलात बसवा. प्रत्येकाकडे तीनतालाची एक मात्रा. पहिल्या, पाचव्या, तेराव्याने टाळी द्यायची, नवव्याने खाली दाखवायची. चाल बसली की मधली दोन-तीन मुले उठवा. जागा रिकामी, पण मात्रा सगळ्यांनी मनात मोजायची. लय इथे पक्की होते! दहा मुलांत 2-3-2-3 असे गट केले की झपताल. अंगणात खडूने बारा स्वरांची घरे आखा. भूप राग म्हणताना म आणि नीची घरे ओलांडायची, दुर्गा म्हणताना ग आणि नीची. वर्ज्य स्वर मग विसरायला होत नाही.

खेळाने रियाजाची शिस्त बिघडते, असे काही ज्येष्ठ शिक्षक म्हणतात. रियाजाला पर्याय नाही, हे मलाही मान्य आहे. पण खेळ घोकंपट्टीच्या जागी आणायचा आहे, रियाजाच्या नव्हे. मोबाइलवर रागाचा थाट विचारून चार पर्याय देणारे खेळ मला म्हणूनच पटत नाहीत. त्यात कान रिकामाच राहतो. झिम्मा-लेझीम खेळणाऱ्या या मुलखात ताल आधी अंगात भिनतो, नाव नंतर कळते.

शिकवण्याची रीत बदलली म्हणून परंपरा बुडत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि घराण्यांत राहिलेली विद्या स्वरलिपी व पाठ्यपुस्तकांसह सामान्य मुलांच्या वर्गात आणली. तेही तेव्हा नवेच होते.

पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी राज्याचा ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहे. मुख्याध्यापकांनी त्यातला एक तास अशा खेळांना द्यावा. खडू आणि टाळ्यांपलीकडे खर्च नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीही सुरुवातीच्या पायऱ्यांवर व्याख्या विचारण्याऐवजी ठेका ऐकवून सम दाखवायला सांगावे. परीक्षेची रीत बदलली, तर वर्गातली शिकवण्याची रीतही बदलेल.

– एक संगीतशिक्षिका, राधानगरी