कॉफीला पासवर्ड कशाला?

स्पष्टच लिहितो. एका वेळी एक कप कॉफी देणारं ते पॉडवालं मशीन म्हणजे आपल्या ओट्यावर थाटलेलं दुसऱ्याचं दुकान आहे. जागा आपली, वीज आपली, पाणी आपलं आणि गल्ला मात्र त्यांचा! इथे अमेरिकेत आपल्या देशी मंडळींच्या स्वयंपाकघरात प्रेशर कुकर आणि मिक्सरच्या शेजारी हे मशीन हमखास दिसतं, त्यामुळे हे वाचून काही जणांना राग येणार. येऊ देत.

आधी मशीनच्या बाजूने जे बोलायचं ते बोलून घेऊ. सकाळी सातला भारतातल्या टीमबरोबर कॉल असतो. डोळे अर्धे मिटलेले. टाकीत रात्रीच पाणी भरलेलं असतं. पॉड टाकला, झाकण दाबलं, बटण दाबलं, मिनिटभरात कप हातात. गाळणं धुवायला नको, चोथा टाकायला नको. एकाला डार्क रोस्ट, दुसऱ्याला डीकॅफ, आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतील तर त्यांना नुसतं गरम पाणी. सगळं मान्य! ही सोय खोटी नाही, आणि "आळशी झालात" म्हणून जो हिणवतो त्याने एकदा तो सातचा कॉल घेऊन दाखवावा.

पण रविवारी रात्री खोक्यातला शेवटचा पॉड संपतो तेव्हा काय होतं बघा. घरात वीज आहे, पाणी आहे, फडताळात बंगलोरहून आणलेली अर्धा किलो कॉफी पावडर आहे, ओट्यावर शंभर-दीडशे डॉलरचं मशीन आहे. आणि कॉफी मिळत नाही! आपल्याकडे पातेल्यात उकळून, जायफळ घालून केलेल्या कॉफीवर ही वेळ कधी आली नव्हती. स्टीलच्या फिल्टरने कधी विचारलं नाही की पावडर कुठल्या कंपनीची. इटलीत १९३३ साली निघालेला मोका पॉटसुद्धा आजतागायत कुठलीही दळलेली कॉफी मुकाट्याने घेतो. आपल्या भाषेत सांगायचं तर ओपन स्टँडर्ड.

आता जरा हिशोब. एका पॉडमध्ये साधारण १० ग्रॅम कॉफी आणि किंमत ६० सेंट धरा. म्हणजे किलोला ६० डॉलर. दिवसाला दोन कप म्हटले तर वर्षाला ४३८ डॉलर. तुमच्या किराणा बिलावरचे आकडे घालून बघा, आणि मग शेजारच्या शेल्फवरच्या साध्या कॉफीच्या पिशवीशी ताडून बघा. मशीन स्वस्त का मिळतं ते लगेच कळेल. प्रिंटर आणि कार्ट्रिजची जुनीच गोष्ट, फक्त शाईच्या जागी कॉफी.

पण पैसे हा खरा मुद्दा नाहीच. ज्याला परवडतं त्याने खुशाल खर्च करावा. खरा मुद्दा २०१४ साली उघडा पडला. केयुरिगचं घरगुती मशीन २००४ पासून बाजारात होतं आणि के-कपची मुख्य पेटंट्स २०१२ मध्ये संपली. इतर कंपन्यांनी स्वस्त पॉड काढले. ही तर चांगलीच गोष्ट की! पण केयुरिगने २०१४ मध्ये 'केयुरिग २.०' आणलं. पॉडच्या झाकणावर खास शाई आणि ती शाई ओळखणारा सेन्सर मशीनच्या आत. परका पॉड टाकला की मशीन स्क्रीनवर दिलगिरी दाखवून गप्प बसणार. आपली स्वतःची कॉफी भरता येईल असा 'माय के-कप' पूर्वी मिळायचा, तोही या मशीनमध्ये चालेना. थोडक्यात काय, तर कॉफीला डीआरएम!

लोकांनी काय केलं? अस्सल पॉडचं झाकण कापलं आणि सेन्सरसमोर चिकटपट्टीने लावून टाकलं. झालं हॅक! एका प्रतिस्पर्धी कंपनीने तर त्यासाठी छोटी क्लिप बनवून फुकट वाटली. विक्री घसरली आणि मे २०१५ मध्ये कंपनीच्या सीईओने, ब्रायन केली यांनी, चूक झाल्याचं जाहीरपणे मान्य करून 'माय के-कप' परत आणला. म्हणजे आज तो भरायचा पॉड मिळतो ही कंपनीची कृपा नाही. लोकांनी बोंब मारली म्हणून मिळतोय.

मग हा प्रकार संपला का? छे! तो शहाणा झाला. त्याच २०१४ मध्ये नेस्प्रेसोचं व्हर्चुओ अमेरिकेत आलं. त्याच्या कॅप्सूलच्या कडेला बारकोड असतो. तो वाचून मशीन ठरवतं की कॅप्सूल किती वेगाने फिरवायची आणि पाणी किती सोडायचं. तंत्र म्हणून सुंदरच आहे, एक इंजिनिअर म्हणून मनापासून दाद. पण तेच पाणी आणि तोच वेग निवडायला दोन बटणंही चालली असती की. ओळखपत्र तपासणाऱ्या रखवालदारालाच वेटरचा गणवेश घातला, की आपल्याला वाटतं केवढी ही सेवा!

आता तुम्ही म्हणाल, कचऱ्याचं काय? त्यावर मी मुद्दाम जोर देत नाहीये, कारण तिथे चित्र दिसतं तितकं सरळ नाही. क्यूबेकमधल्या संशोधकांनी २०२३ साली मांडलेल्या तुलनेत साधी फिल्टर कॉफी पर्यावरणाला पॉडपेक्षा महाग पडली, कारण तिला कॉफी जास्त लागते आणि पिकवण्याचा भार मोठा असतो. ठीक. पण "आमचे पॉड रिसायकल होतात" या जाहिरातीवर विसंबून झोपू नका. दोन मोठ्या रिसायकलिंग कंपन्यांनी शंका घेतली होती हे न सांगितल्याबद्दल अमेरिकेच्या एसईसीने २०२४ मध्ये केयुरिगला १५ लाख डॉलरचा दंड लावला.

आणि भारतात परत जाणाऱ्यांसाठी एक खास सूचना. हे मशीन बॅगेत घालून पुण्याला नेऊ नका. इथली वीज १२० व्होल्ट, तिथली २३०. पाणी तापवणारं यंत्र, म्हणजे मशीनपेक्षा जड ट्रान्सफॉर्मर आला. त्यातून तो घेतलाच, तरी पुढे कोथरूडच्या वाण्याकडे के-कप मागून बघा. :) दर खेपेला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत खोकी मागवावी लागतील. वस्तू आपली की कंपनीची, हे गाव बदललं की बरोबर कळतं.

शेवटचा मुद्दा आपल्या जातभाईंसाठी. झाकणावरची शाई ओळखणारं ते लॉजिक आकाशातून पडलं नाही. आपल्यासारख्याच कुणीतरी क्युबिकलमध्ये बसून लिहिलं. त्याची रिक्वायरमेंट आली असणार, एस्टिमेट गेला असणार, टेस्ट केस लिहिली असणार: परका पॉड टाकल्यावर पाणी तापता कामा नये. टेस्ट पास, डेमोला टाळ्या. त्या खोलीत कुणी एकाने जरी विचारलं असतं, "यात ग्राहकाचा फायदा काय?" तर कदाचित वर्षभराची शोभा टळली असती. आज तोच प्रश्न प्रिंटर, ट्रॅक्टर, गाड्या आणि फोन बनवणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये विचारायची गरज आहे, आणि त्या मीटिंगांमध्ये आपणच बसलेलो असतो.

मशीन घ्यायचं तर जरूर घ्या, पण दुकानात एकच प्रश्न विचारा: ही कंपनी उद्या गुंडाळली, तर हे मशीन परवा कॉफी देईल का? उत्तर 'नाही' असेल तर तुम्ही मशीन विकत घेत नाही, फक्त कनेक्शन घेताय.

असो. बाकी तुम्ही सुज्ञ आहातच.